मानसिक आजाराच्या गोळ्या चालू आहेत, मग शुगर-बीपी कोण बघणार? पुण्यातल्या पर्यायांची तुलना

घरात स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरचा पेशंट असला की 'कुठल्या डॉक्टरकडे न्यावं' यावर सल्ल्यांचा पाऊस पडतो. त्या गोळ्या वर्षानुवर्षं पोटात जाणार, तेव्हा वजन, शुगर, थायरॉईड, किडनी यांच्यावर कोण लक्ष ठेवणार, हे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

माझा धाकटा भाऊ ओलान्झापिनवर (भास-संशय कमी करणारी गोळी) होता. भास थांबले, झोप लागायला लागली, आम्हाला हायसं वाटलं. वर्षभरात त्याच्या पँटचे हूक मी दोनदा पुढे सरकवून शिवले. रात्री उठून तो तांब्याच्या तांब्या पाणी प्यायचा. गोळ्यांनी तोंडाला कोरड पडत असेल, असं आम्ही धरून चाललो. पायाची जखम भरेना तेव्हा शुगर तपासली, तर 300 च्या वर. दर महिन्याला जिथे जायचो त्या क्लिनिकमध्ये वजनकाटा होता, त्यावर फाइलींचा गठ्ठा ठेवलेला असायचा. फॅमिली डॉक्टरांना वाटायचं, हे सगळं तिकडे बघत असतील, आणि तिकडे वाटायचं, फॅमिली डॉक्टर बघत असतील.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा साधारण 10 ते 20 वर्षं आधी जातात, आणि त्यातले बरेचसे मृत्यू टाळता येण्याजोग्या शारीरिक आजारांनी होतात. म्हणून उपचार कुठे घ्यायचे हे ठरवताना याचाही विचार करा.

पुण्यातली बहुतेक घरं पहिला पर्याय निवडतात: मानसोपचारतज्ज्ञांचं खासगी क्लिनिक आणि गल्लीतले फॅमिली डॉक्टर. याचे फायदे मोठे आहेत. दर वेळी तेच डॉक्टर भेटतात, ते पेशंटला ओळखतात, आजार उलटायला लागला तर चेहऱ्यावरून ताडतात. गर्दीत घाबरणाऱ्या किंवा संशय येणाऱ्या माणसाला संध्याकाळचं शांत क्लिनिक मानवतं. अडचण एकच, पण जिवावर बेतणारी: दोन डॉक्टर आणि दोन वेगळे कागद. समजा पेशंट लिथियमवर (बायपोलरमध्ये मूड स्थिर ठेवणारं औषध) आहे. गुडघा दुखतो म्हणून मेडिकलमधून आयब्रुफेन आणलं, किंवा दुसऱ्या डॉक्टरांनी बीपीसाठी काही ठरावीक गोळ्या सुरू केल्या, तर रक्तातलं लिथियम वाढू शकतं. हात जोरात थरथरतात, तोल जातो, उलट्या होतात. अशा वेळी 'आजार वाढला' म्हणत घरी थांबू नका, त्याच दिवशी लिथियमची पातळी तपासून घ्या.

दुसरा पर्याय म्हणजे मोठ्या रुग्णालयातली मानसोपचार ओपीडी: ससून, रास्ता पेठेतलं केईएम किंवा तशी इतर रुग्णालयं. फिजिशियन, लॅब, ईसीजी सगळं एकाच आवारात. मानसोपचारवाल्यांना शुगरची शंका आली तर फिजिशियनकडे पाठवता येतं, आणि छातीत दुखतंय म्हटल्यावर 'टेन्शनमुळे असेल' म्हणून परत धाडण्याऐवजी ईसीजी काढण्याची शक्यता वाढते. ससूनला खर्चही पुष्कळ कमी येतो. पण केसपेपरपासून रांग, अर्धा दिवस मोडतो, आणि शिकाऊ डॉक्टर बदलत राहिले की तीच कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते. शिवाय लॅब शेजारी आहे म्हणून रिपोर्ट कुणी वाचेलच असं नाही. तो हातात धरून 'हा आकडा बघितलात का?' असं विचारावंच लागतं.

येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय हा मुख्यतः भरती करायची वेळ आली तर विचारात घ्यायचा पर्याय. तिथे आणि खासगी पुनर्वसन केंद्रातही आधीच विचारा: रात्री बेरात्री छातीत दुखलं तर कुठे हलवता?

माझं स्पष्ट मत: पेशंट क्लोझापिन (इतर औषधांनी स्किझोफ्रेनिया आटोक्यात येत नाही तेव्हाची गोळी) किंवा लिथियमवर असेल, आधीपासून मधुमेह वा हृदयविकार असेल, किंवा बाई गरोदर असेल, तर गर्दी सोसून दुसरा पर्याय घ्या. क्लोझापिनमध्ये पांढऱ्या पेशी धोकादायक कमी होऊ शकतात, म्हणून पहिले 18 आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायची पद्धत आहे. त्यातली बद्धकोष्ठताही किरकोळ समजू नका. बाकीच्यांना पहिला पर्याय चालेल, मात्र फाइल एकच हवी आणि ती दोन्ही डॉक्टरांपुढे जायला हवी.

त्या फाइलीत काय असावं? भाऊ ज्या प्रकारच्या, म्हणजे भास-संशय कमी करणाऱ्या, गोळ्या घेतो त्यांच्यासाठी सुरुवातीलाच वजन, कमरेचा घेर, बीपी, उपाशीपोटीची शुगर आणि कोलेस्टेरॉल. वजन 4, 8 आणि 12 आठवड्यांनी पुन्हा, रक्त तीन महिन्यांनी आणि मग निदान वर्षातून एकदा. घेर पुरुषांचा 90 सेंटीमीटर, बायकांचा 80 सेंटीमीटरच्या पुढे गेला की सावध व्हा. लिथियमवाल्यांना लिथियमची पातळी, क्रिएटिनिन (किडनीसाठी) आणि टीएसएच (थायरॉईडसाठी). सिगारेट-बिडी एकदम सोडली तर क्लोझापिन आणि ओलान्झापिन रक्तात वाढतात. सोडणं उत्तमच, पण आधी डॉक्टरांच्या कानावर घाला.

विम्याचं थोडक्यात: 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार मानसिक आजारालाही शारीरिक आजाराप्रमाणेच विमा द्यावा लागतो. पण या तपासण्या ओपीडीच्या असतात, म्हणून पॉलिसीत ओपीडी आहे का ते बघा.

हे वाचून घाबरून गोळ्या मात्र बंद करू नका. आमच्याकडे नव्या डॉक्टरांनी घाई न करता हळूहळू औषध बदललं, फिजिशियनने शुगरसाठी मेटफॉर्मिन सुरू केलं, आणि पहिल्याच दिवशी दोघांनी एकमेकांचे फोन नंबर फाइलीच्या आतल्या पानावर लिहून दिले. भाऊ आता दर रविवारी काट्यावर उभा राहतो आणि आकडा स्वतःच कॅलेंडरवर लिहितो.