हाताने विंधन विहीर घेण्याचे प्रशिक्षण: पाणी लागल्यानंतरच्या कामाला वेळ अपुरा

सार्वजनिक विहिरींसाठी स्थानिक पथके तयार करणाऱ्या एका संस्थेचे तीन आठवड्यांचे प्रशिक्षण आमच्या सात जणांच्या पथकाने पूर्ण केले. त्यानंतर दोन विहिरी आम्ही कोणाच्याही मदतीशिवाय घेतल्या आणि मगच हे परीक्षण लिहायला घेतले, कारण अशा प्रशिक्षणाची पारख प्रशिक्षक निघून गेल्यावरच होते.

बांगलादेशात आणि नेपाळच्या तराईत गाळाच्या जमिनीत पूर्वापार वापरली जाणारी पद्धत येथे शिकवतात. पाण्याने भरलेल्या खड्ड्यात लोखंडी पाइप उभा करून तो तरफेने खाली-वर करायचा, आणि पाइपाच्या वरच्या तोंडाशी बसलेल्या माणसाने पाइप वर येताना तळहाताने तोंड घट्ट दाबायचे व खाली जाताना उघडायचे, म्हणजे सुटलेली माती पाण्याबरोबर उसळून बाहेर पडते. तळहाताची ही लय ऐकून समजत नाही. पहिल्या विहिरीवर प्रशिक्षकांनी प्रत्येकाला प्रत्येक जागेवर बसवले. दुसऱ्या विहिरीवर त्यांनी औजाराला हातही लावला नाही; चिकणमातीत पाइप अडकला तेव्हाही ते केवळ ‘आता काय कराल?’ असे विचारून थांबले. ते थांबणे आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते. प्रत्येक मीटरची माती ओळीने मांडून तिची नोंद ठेवण्याची सवयही त्यांनीच लावली, आणि जाळीचा पाइप (ज्याच्या छिद्रांतून पाणी विहिरीत येते तो) नेमक्या कोणत्या थरासमोर बसवायचा हे आम्ही आज त्या नोंदीवरूनच ठरवतो. कठीण कातळात ही पद्धत चालत नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले होते.

उणीव आहे ती पुढच्या टप्प्यात. पाणी लागेपर्यंत सगळे सावकाश चालले आणि त्यानंतरची कामे दोन दिवसांत उरकली गेली. वास्तविक विहिरीचे आयुष्य याच कामांवर अवलंबून असते: जाळीच्या पाइपाभोवती धुतलेली बारीक खडी भरणे, दट्ट्या खाली-वर करून बारीक वाळू उपसून काढणे, खडीच्या वरची पोकळी चिकणमातीने किंवा सिमेंटने बंद करणे आणि वर उताराचा ओटा बांधणे. हे सर्व आम्हाला दाखवले गेले, पण आमच्या हातून करून घेतले गेले नाही. परिणामी आमच्या पहिल्या स्वतंत्र विहिरीत केसिंगभोवतीची, म्हणजे विहिरीत कायम बसवलेल्या पाइपाभोवतीची, पोकळी नीट भरली गेली नाही, मोठ्या पावसानंतर पाणी गढूळ येऊ लागले आणि ओटा फोडून ते काम पुन्हा करावे लागले. ज्यांनी त्या दिवसांत ते पाणी भरले, त्यांच्यासमोर उभे राहणे आम्हाला फार जड गेले.

पाण्याच्या तपासणीला दिलेला एक तासही पुरेसा नाही. याच पद्धतीने बांगलादेशात असंख्य कूपनलिका घेतल्या गेल्या, आणि 1993 मध्ये तेथील भूजलात आर्सेनिक असल्याचे उघड झाले. पाणी मात्र दिसायला स्वच्छच होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मूल्यांनुसार पिण्याच्या पाण्यात आर्सेनिक लिटरमागे 10 मायक्रोग्रॅमपेक्षा आणि फ्लोराइड 1.5 मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. हे आकडे पथकातील प्रत्येकाला तोंडपाठ हवेत, आणि प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत ते पाणी कोणालाही पिऊ द्यायचे नाही हा नियम प्रशिक्षणातच पक्का व्हायला हवा.

गाळाच्या किंवा मऊ जमिनीवर काम करू इच्छिणाऱ्या पथकांनी हे प्रशिक्षण अवश्य घ्यावे, मात्र नाव नोंदवण्यापूर्वीच एक संपूर्ण विहीर खडी भरण्यापासून ओट्यापर्यंत आपल्या हाताने पूर्ण करू देण्याची लेखी मागणी करावी. आम्ही संस्थेला आमच्या फसलेल्या विहिरीची मातीची नोंद आणि दुरुस्तीचा तपशील पाठवला आहे. पुढच्या तुकडीसाठी चार दिवस वाढवण्याचे त्यांनी मान्य केले आहे.