जपानी अमलाखालचा कोरिया: सहा तक्त्यांचा संच अभ्यासिकेसाठी घ्यावा का?

सहा तक्ते, प्रत्येकी २० बाय ३० इंच, दोन्ही बाजूंनी लॅमिनेशन, वर-खाली पत्र्याची पट्टी. स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये कोरियाला जेमतेम दोन ओळी मिळतात, त्या मानानं हा संच भरपूर देतो. यातला दुसरा तक्ता, राजधानीचा (आजच्या सेऊलचा) नकाशा, एकटाच सगळे पैसे वसूल करतो.

हा नकाशा वरून खाली वाचायचा. बोट ठेवा ग्योंगबोकगुंग राजवाड्यावर. दरबाराच्या मुख्य दालनासमोर करड्या रंगाचा मोठा चौकोन दिसतो, ते जपानी गव्हर्नर-जनरलचं कार्यालय. बांधकाम १९१६ ते १९२६. शहरातून राजवाड्याकडे पाहणाऱ्याला दालन दिसूच नये, अशी ती जागा. पुढ्यातला ग्वांगह्वामुन दरवाजा तिथून उचलून राजवाड्याच्या पूर्वेकडे नेला. बोट आणखी खाली आणलं की १९२६ची नगरपालिका, मग सुंगन्येमुन दरवाजा आणि १९२५चं रेल्वे स्टेशन. बाजूच्या नामसान टेकडीवर त्याच वर्षीचं शिंतो, म्हणजे जपानी धर्माचं, देवस्थान. मधून वाहणाऱ्या चोंगग्ये ओढ्याच्या उत्तरेला मुख्यतः कोरियन वस्ती, दक्षिणेला जपानी बाजारपेठ. दोन रंगांमुळे ही फाळणी मागच्या बाकावरूनही कळते. सत्ता शहरात कशी बांधून काढतात, हे इतकं स्पष्ट मराठीत क्वचितच पाहायला मिळतं.

चुका मात्र आहेत, आणि त्या भिंतीवर लावण्याआधीच दुरुस्त कराव्या लागतील. पहिल्या तक्त्यावर कोरिया जपानमध्ये विलीन केल्याची एकच तारीख आहे, २९ ऑगस्ट १९१०. करारावर सही २२ ऑगस्टची, जाहीर झाला २९ला, दोन्ही लिहा. चौथ्यावर १९३०च्या शहरालाही ‘सेऊल’ म्हटलंय. त्या काळचं सरकारी नाव ग्योंगसोंग, जपानी उच्चार केइजो. सेऊल हे नाव अधिकृत झालं ते स्वातंत्र्यानंतर. पाचव्यावर १ मार्च १९१९चा कोरियाच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा नेत्यांनी टापगोल बागेत वाचल्याचं छापलंय. सही करणारे ३३; त्यातले २९ जण जवळच्या एका खानावळीत जमले आणि तिथंच अटक झाले. बागेत तो वाचला गेला जमलेल्या विद्यार्थ्यांपुढं. या तक्त्यावर खाली मोकळी जागा आहे, तिथं १३ एप्रिल १९१९, जालियनवाला बाग, एवढं लिहून ठेवा. दोन्हींत फक्त ४३ दिवसांचं अंतर आहे, ते मुलांच्या आपोआप लक्षात येतं.

सगळ्यात कच्चा आहे तिसरा तक्ता, जमीन मोजणीचा. आपल्या भागात हाच सगळ्यात नीट हवा होता. ‘मोजणीत शेतकऱ्यांची निम्मी जमीन हिसकावली’ हे वाक्य सरळ झाकून टाका. १९१० ते १९१८च्या मोजणीत बहुतेक जमिनीची नोंद मालकांनी केली होती. घाव बसला तो दुसरीकडे: राजघराण्याच्या आणि सरकारी जमिनी गव्हर्नर-जनरलच्या खात्यात गेल्या, आणि पिढ्यान्‌पिढ्या वाहणाऱ्या कुळाचा वहिवाटीचा हक्क कागदावर चढलाच नाही. कागद मालकाच्या नावाचा, घाम बटईवाल्याचा. मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराची पद्धत, पाहिलेल्या भंडारा-चांद्याकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. तांदळाचा आलेख मात्र बरोबर आहे: १९२०नंतर पीक वाढलं, पण जपानला जाणारा माल त्याहून वेगानं वाढला, आणि कोरियन माणसाच्या ताटातला भात कमी झाला.

सहावा, १९४० साली कोरियन लोकांना जपानी धर्तीची नावं घ्यायला लावली त्या नावबदलाचा, ठीक आहे.

दुरुस्ती पेननं करू नका. चकचकीत लॅमिनेशनवर शाई टिकत नाही, हात लागला की पुसते. पांढरा स्टिकर कागद कापून चिकटवा आणि त्यावर पर्मनंट मार्करनं लिहा. लावताना दुहेरी टेपवर भरवसा नको. मे महिन्यात भिंत तापली की रात्रीतून तक्ता खाली येतो. वरच्या पट्टीला दोन भोकं पाडून सुतळीनं खिळ्याला टांगा. कुलरच्या झोतासमोर तर मुळीच नको: कडेनं दमट हवा आत शिरते, लॅमिनेशन फुगतं आणि आतला कागद आधी कोपऱ्यातून काळा पडतो. कडा घरीच रुंद सेलोटेपनं बंद केल्या तर दोन उन्हाळे निघतील. पावसाळ्यात मातीच्या भिंतीपासून बोटभर अंतर ठेवा, नाहीतर मागून उधळी लागते.

नकाशाचा तक्ता सुटा मिळत नाही, पूर्ण संचच घ्यावा लागतो.