आपलीच पेठ पायी पाहायची, पण कोणत्या पद्धतीने?

पुण्याच्या पेठांत वर्षानुवर्षं राहणाऱ्यांच्या वाटाही ठरलेल्या असतात. घर ते मंडई, घर ते बसथांबा, घर ते डॉक्टर. दोन आळ्या पलीकडे काय आहे, हे विचारलं की उत्तर येतं, "आहे की, जुने वाडे आहेत." तेच वाडे एकदा नीट पाहायचे ठरवले, तर त्याच्या चार पद्धती आहेत: जाणकार वाटाड्याबरोबरची फेरी, वाट फुटेल तशी भटकंती, एकच धागा धरून हिंडणं आणि गल्लीवार पाहणी. चारही चांगल्या आहेत, पण चारही सगळ्यांसाठी नाहीत.

निवडीपुरतं आधीच सांगून टाकतो. पेठेत नुकतेच राहायला आला असाल, तर एकदा वाटाड्याबरोबर जा. पाच-दहा वर्षं झाली असतील, तर तो टप्पा गाळून थेट गल्लीवार पाहणी सुरू करा. लहान मूल बरोबर असेल किंवा हाताशी तासभरच असेल, तर एकच धागा धरा. भटकंती फक्त कसब्यात करावी. का, ते पुढे येईलच.

वाटाड्याबरोबर

ठरीव फेऱ्या बहुतेक शनिवारवाड्यापासून विश्रामबागवाड्यापर्यंतच्या पट्ट्यात होतात. सरळ चाललं तर अंतर जेमतेम एक किलोमीटर, पण लाल महाल, कसबा गणपती, तुळशीबाग, मंडई असं वळत-थांबत दोन ते अडीच तास जातात. या पद्धतीचा खरा फायदा म्हणजे काळाचा घोळ मिटतो. आजच्या लाल महालाची इमारत महापालिकेने 1988 मध्ये बांधलेली आहे. एकटा माणूस तीच शिवकालीन समजून पुढे जातो. शनिवारवाड्याची पायाभरणी 1730 ची आणि आतला वाडा जळाला 1828 मध्ये. मधल्या शंभर वर्षांत पेशवाई येऊन गेली आणि शेवटची दहा वर्षं तर इंग्रजी अंमलाची होती. एवढा हिशेब डोक्यात बसला, की पुढची प्रत्येक भिंत वाचायला सोपी जाते.

तोटे दोन. माणसं वीसच्या वर गेली, की बोळात शेवटच्या पाचजणांना काही ऐकू येत नाही. नाव नोंदवतानाच गटात किती जण असतील ते विचारा. पंधरापर्यंत ठीक. दुसरा तोटा वेळेचा आहे. या फेऱ्या सकाळी सात-आठला निघतात, कारण तेव्हा रहदारी नसते. पण त्या वेळी कारखाने आणि दुकानंही उघडलेली नसतात. तांबट आळी सकाळी सातला पाहणं म्हणजे ठोक्यांशिवाय तांबट आळी पाहणं, म्हणजे जवळजवळ न पाहणंच. शिवाय वाटाड्याचं बोलणं पाठ झालेलं असतं आणि शहर बदलत असतं. 1848 साली मुलींची शाळा भरली तो बुधवार पेठेतला भिडे वाडा 2023 मध्ये पाडला गेला, पण जुन्या छापील नकाशांवर तो अजून उभाच आहे.

वाट फुटेल तशी

भटकंतीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. कसब्यात ती जमते, कारण तिथल्या गल्ल्या आखलेल्या नाहीत, वस्तीबरोबर वाढलेल्या आहेत. त्या वळतात, अरुंद होतात, अचानक कुणाच्या तरी देवडीत संपतात. सदाशिव पेठ नंतरची, नानासाहेबांच्या काळात वसवलेली. तिथले रस्ते बरेच सरळ आहेत आणि ते चालणाऱ्याला दहा मिनिटांत लक्ष्मी रस्त्यावर किंवा टिळक रस्त्यावर आणून सोडतात. "दर वेळी डावीकडे" हा नियम लावू नका, चार वळणांत जागच्या जागी याल. एकदा डावं, एकदा उजवं असं घेत गेलात तर निदान तिरपे पुढे सरकता.

एकच धागा

देवळांची नावं हा पुण्यातला सर्वांत सोपा आणि मुलांना सर्वांत आवडणारा धागा. जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, डुल्या मारुती, पासोड्या विठोबा, निवडुंग्या विठोबा. मंडईजवळच्या जिलब्या मारुतीपासून बुधवारातल्या पासोड्या विठोबापर्यंत रमतगमत गेलं तरी फार वेळ लागत नाही. प्रत्येक नावामागचं कारण मुलाला आधी ओळखू द्यायचं, मग तिथल्या पुजाऱ्यांना विचारायचं. खुन्या मुरलीधराचं कारण मात्र मूल किती मोठं आहे ते पाहून सांगा: 1797 मध्ये स्थापनेच्या वेळी रक्तपात झाला, म्हणून हे नाव.

मोठ्यांसाठी पाण्याचा धागा अधिक सरस. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तळ्यातून दगडी नळाने शहरात पाणी आणलं गेलं. पंप नाही, काही नाही, सगळा कारभार उताराचा. बंद नळात हवा कोंडली की पाणी अडतं, म्हणून वाटेत हवा बाहेर सोडणारे उच्छ्वास बांधले. शहरात ते पाणी हौदांत पडायचं. आज बहुतेक हौद बुजलेत किंवा झाकलेत, पण नावं टिकली आहेत: काळा हौद, सदाशिव हौद, फडके हौद चौक. फरासखान्याजवळचा बाहुलीचा हौद डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपल्या मुलीच्या स्मरणार्थ बांधला. नकाशावर ही ठिकाणं टिंबांनी मांडा आणि दक्षिणेकडून उत्तरेकडे, म्हणजे पाण्याच्याच दिशेने चाला. रोज चढ-उतार न जाणवणारी पेठ मुठेकडे किती कलली आहे, ते पोटऱ्यांना कळतं.

या पद्धतीत चूक होते ती यादीची. बारा ठिकाणं लिहून निघालं, की लक्ष सगळं पुढच्या ठिकाणाकडे लागतं आणि वाटेतलं काही दिसत नाही. तासाभराला चार-पाच ठिकाणं पुरे.

गल्लीवार

वेळ सर्वांत जास्त या पद्धतीला लागतो आणि हातीही सर्वांत जास्त हिच्यातूनच लागतं. एक तुकडा ठरवायचा आणि त्यातला एकही बोळ न सोडता सगळा पायाखालून घालायचा.

तुकडा ठरवताना मोठे रस्ते हद्द म्हणून घ्या. उत्तम नमुना म्हणजे लक्ष्मी रस्ता, बाजीराव रस्ता आणि टिळक रस्ता यांच्यामधला त्रिकोण. लक्ष्मी आणि टिळक रस्ता अलका टॉकीजच्या चौकात मिळतात, तिसरी बाजू बाजीराव रस्ता. पेरूगेट, नागनाथ पार, कुमठेकर रस्ता हे सगळं याच्या पोटात येतं.

नकाशा कागदावर हवा. ओपनस्ट्रीटमॅप या मोफत ऑनलाइन नकाशावरून तेवढा भाग घेऊन 1:5000 या प्रमाणात छापा. मग एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे 50 मीटर. आडव्या एफोर कागदावर साधारण 1.4 किलोमीटर रुंदी आणि एक किलोमीटर उंची बसते, म्हणजे त्रिकोण जवळपास मावतो. छापताना "पानात बसवा" हा पर्याय बंद ठेवा. तो चालू राहिला तर प्रमाण गुपचूप बदलतं आणि अंतराचे सगळे अंदाज चुकतात. छापल्यावर नकाशातली प्रमाणपट्टी फूटपट्टीने एकदा मोजून घ्या.

फोनवर माग नोंदवता येतो, पण बोळात त्यावर विसंबू नका. दोन्ही बाजूंना तीन-चार मजली इमारती असल्या की उपग्रहाचा संदेश भिंतींवर आपटून येतो आणि माग दहा-वीस मीटर सरकतो. पेठेत दहा मीटर म्हणजे शेजारचा बोळ. घरी येऊन पाहाल तर न चाललेली गल्ली चाललेली दिसेल आणि चाललेली कोरी. प्रत्येक बोळ संपल्याबरोबर नकाशावर पेनने रेघ मारा. आणि नकाशात जो बोळ नाहीच, वाड्याच्या पोटातून पलीकडच्या रस्त्यावर निघणारा, तो लाल पेनने काढा. पहिल्या फेरीत असे दोन-तीन सापडतातच.

अंतराचा हिशेब बहुतेकांचा चुकतो. आंधळा बोळ दुप्पट मोजायचा, आत आणि बाहेर. नकाशावर दीड किलोमीटर दिसणारी फेरी पायांना सव्वादोन भरते. दोन्ही बाजू बघत, थांबत चालताना वेग ताशी दीड-दोन किलोमीटरच्या वर जात नाही. म्हणून एका बैठकीला दीड तास आणि दोन किलोमीटर एवढंच ठेवा. त्यापुढे डोळे दमतात. पाय नाही दमत, पण दारांमागून दारं नुसती सरकत जातात. वर सांगितलेला त्रिकोण पाच-सहा रविवारांचं काम आहे. एका दिवसात उरकायचा हट्ट धरलात तर त्यातलं निम्मंही आठवणार नाही.

पाहायचं काय? इमारत खालून वर वाचायची. बऱ्याच ठिकाणी वरचं सगळं बदललेलं असतं, पण काळ्या दगडाचं जोतं मूळचंच असतं. त्यावर पातळ, चपट्या विटा दिसल्या तर भिंत जुनी. जाड विटा आणि सिमेंट दिसलं तर नंतरची दुरुस्ती. लाकडी खांब, तुळया आणि कडीपाटाचं छत देवडीत मान वर केल्याशिवाय दिसत नाहीत. नदीकडच्या भागात, म्हणजे नारायण, शनिवार आणि कसबा पेठेच्या कडेला, जुन्या वाड्यांच्या रांगेत एकदम साठच्या दशकातली सपाट इमारत लागली, तर 12 जुलै 1961 हा दिवस आठवावा. पानशेत धरण फुटलं आणि मुठेकाठचे कितीतरी वाडे त्या पुरात गेले. जुने रहिवासी पाणी कुठवर चढलं होतं ते आजही भिंतीवर हात ठेवून दाखवतात. वाडा पाडून इमारत झाली असली, तरी पाटीवर वाड्याचं नाव टिकलेलं असतं. ती पाटी वहीत उतरवून घ्या.

आत जावं की नाही

वही, पेन आणि वर बघणारी मान, एवढ्यावर पेठेतला माणूस दोनच अंदाज बांधतो: महापालिकेचा माणूस किंवा बिल्डरचा. अनेक वाड्यांत मालक-भाडेकरूंचे दावे चालू असतात, त्यामुळे "हा वाडा कुणाचा?" किंवा "किती वर्षं राहताय?" हे पहिले प्रश्न कधीच नकोत. "काकू, याच आळीत पलीकडे राहतो, तुमच्या चौकातला आड बघायचा होता, येऊ का आत?" असं आपलं ठिकाण सांगून आणि नेमकी वस्तू सांगून विचारलं, की बहुधा "या" म्हणतात. मोजपट्टी खिशाबाहेर काढू नका. फोटो विचारून, आणि वाळत घातलेले कपडे, स्वयंपाकघर, देवघर सोडून. दुपारी एक ते चार कडी वाजवायची नाही, हे पुण्यात सांगायची खरं तर गरज नाही. दारावरची पाटी ते काम करतेच.

वेळ आणि हंगाम

कोरीव काम पाहायचं असेल तर रस्त्याची दिशा बघा. बाजीराव आणि शिवाजी रस्ता दक्षिणोत्तर आहेत, तेव्हा त्यांच्या पश्चिम बाजूच्या इमारतींवर सकाळचं ऊन येतं, पूर्व बाजूच्या इमारतींवर दुपारनंतरचं. तिरप्या उन्हात नक्षी उठून दिसते, डोक्यावरच्या उन्हात ती सपाट होते. अरुंद बोळात मात्र ऊन जमिनीपर्यंत पोचतं तेच मुळी बाराच्या सुमारास. बोळ हिवाळ्यात दुपारी करा. बोहरी आळी आणि तांबट आळी कामाच्या दिवशी सकाळी अकरानंतर, आवाजासकट. जुन्या बाजारासाठी बुधवार किंवा रविवार.

गणपतीच्या आधीच मांडवांचे खांब उभे राहतात आणि निम्म्या दर्शनी भिंती झाकल्या जातात. तेव्हा गल्लीवार पाहणी थांबवा. पालख्या पुण्यात मुक्कामी असतात तेव्हा नाना आणि भवानी पेठेत निवडुंग्या विठोबा आणि पालखी विठोबाच्या आसपास नकाशा काढूच नका, गर्दीबरोबर चाला. पावसाळ्यात घासलेल्या दगडी पायऱ्या आणि शेवाळलेले चौक घसरडे होतात, गुळगुळीत तळाच्या चपला घरी ठेवा. पदपथ नसलेल्या रस्त्यावर समोरून येणारं वाहन दिसेल अशा बाजूनेच चालावं. भुयारी मेट्रोची कसबा पेठ आणि मंडई ही स्थानकं 2024 पासून चालू आहेत, तेव्हा कोथरूडहून पेठ पाहायला येणाऱ्यांनी दुचाकी आणू नये. ती लावायला जागा शोधण्यातच अर्धा तास जातो.

पेठेबाहेर राहत असाल तर

सहकारनगर, कोथरूड, बाणेर इथे गल्लीवार पद्धत लवकर कंटाळवाणी होते, कारण सोसायट्यांची फाटकं बंद असतात आणि तुम्ही कुंपणाच्या भिंतीलगत चालत राहता. तिथे ओढा धरा. सहकारनगरात आंबिल ओढ्याच्या काठाने दांडेकर पुलाकडे उतरत गेलात, की कोणती सोसायटी पात्राला किती खेटून आहे ते दिसतं आणि 25 सप्टेंबर 2019 च्या रात्रीच्या पुरात पाणी कुठे शिरलं असेल, ते कुणी न सांगता उमगतं. ओढ्याकाठची फेरी मात्र पाऊस नसताना, उजेडात आणि दोघांनी मिळून करायची. काठ सगळीकडे बांधलेला नाही, आणि मधेच वाट संपून दोनशे मीटर मागे फिरावं लागतं.