सेज ग्रीन भिंतीला मॅट की सॅटिन?

सेज ग्रीन म्हणजे राखाडीत मुरलेला हिरवा. त्याची मजा मॅटमध्येच, म्हणजे चमक नसलेल्या रंगात. मॅट उजेड आरशासारखा परतवत नाही, त्यामुळे पुट्टीतले उंचसखल भाग लपतात आणि रंग मऊ दिसतो. सॅटिनवर, म्हणजे हलकी चमक असलेल्या रंगावर, खिडकीचा तिरका उजेड पडला की पुट्टी लावायच्या पत्र्याची प्रत्येक ओढ उठून दिसते. तिथे पुट्टीचे दोन हात, १८० नंबरचा पॉलिशपेपर आणि प्रायमर यांत कसूर नको.

पण मॅटवर तेलकट बोट लागलं आणि ते ओल्या फडक्याने घासलं, की तेवढाच भाग चकाकतो. मग तेवढा भाग पुन्हा रंगवावा लागतो. म्हणून जेवणाच्या टेबलामागे, पॅसेजमध्ये, स्विचबोर्डांभोवती सॅटिन. बेडरूम, हॉलला मॅट.

उरलेल्या रंगाचा डबा ठेवाच. दुकानातलं टिंटिंग, म्हणजे रंग मिसळून शेड बनवणं, दुसऱ्या खेपेला किंचित हलतं आणि या शेडमध्ये ते लगेच कळतं. मॅटचा टचअप बहुधा खपून जातो, सॅटिनचा ठिगळासारखा दिसतो.

शेड मात्र कार्डावरून ठरवू नका. दोन फूट बाय दोन फुटांचा नमुना दोन हात मारून रात्रीही बघा: ६५०० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली तो निळसर राखाडी, ३००० केल्विनच्या पिवळ्या दिव्याखाली शेवाळी वाटतो. भिंतीत ओल असेल तर मॅट, सॅटिन दोन्ही फुकट. आधी गळती काढा.