उंच मुलांना बोर्डाखाली उभं न करणारं शिबिर

माझी लेक पंधरा वर्षांची आहे आणि तिची उंची पाच फूट अकरा इंच. तिला घेऊन सोलापुरात नव्या पेठेत गेलं की दर दोन दुकानांमागे कुणीतरी विचारतंच, "बास्केटबॉल खेळते का हो?" खेळते. गेली तीन वर्षं शाळेच्या संघात तिला एकच काम होतं. बोर्डाखाली उभं राहायचं, हात वर ठेवायचे, चेंडू मिळाला की लगेच छोट्या मुलीकडे द्यायचा. ड्रिबल, म्हणजे चेंडू टप्पे देत नेणं, करायचं नाही. शेजारच्या काकांचंही हेच म्हणणं, "उंच हाय की, बोर्डाखाली उभं केलं की झालं."

यंदा एप्रिल-मेमध्ये विजापूर रोडच्या बाजूला एका छोट्या क्लबनं एकवीस दिवसांचं शिबिर घेतलं. वेळ सकाळी सहा ते आठ, फी अडीच हजार रुपये, मुलं चौतीस. त्यांत आठवड्यातून तीन दिवस एक तास फक्त उंच मुलांसाठी. एकवीसपैकी अठरा दिवस मी पायऱ्यांवर बसून होते. आता ओळखीचे पालक विचारतायत की घालावं का, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी माझं सांगते, कारण मी कशाकडे बघत होते ते त्याशिवाय कळणार नाही. १९९६-९७ च्या सुमाराला मी कॉलेजच्या संघात पिव्होट होते, म्हणजे बोर्डाखालची उंच खेळाडू, जिला आता सेंटर म्हणतात. सोलापूरचं विद्यापीठ २००४ मध्ये झालं. त्याआधी आमची कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली होती आणि आम्ही सामन्यांना एसटीनं जायचो. मलाही हेच शिकवलं होतं, हात वर आणि पाय जमिनीला. मग समोरची चपळ मुलगी स्क्रीन, म्हणजे वाटेत उभ्या राहिलेल्या साथीदाराची आड, घेऊन सुसाट यायची, माझे पाय हलायचे नाहीत, मी हात मारायची आणि फाऊल. अर्ध्याअधिक सामन्यांत पाच फाऊल होऊन मी बाकावर बसलेली असायची. मला उंची होती, पण त्या उंचीचं काय करायचं ते कुणी शिकवलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून पहिल्या दिवशी सरांनी उंच मुलांना बोर्डापासून लांब, थेट थ्री-पॉइंटच्या रेषेवर (जिच्या बाहेरून बास्केट केली की तीन गुण, म्हणजे "थ्री") नेलं तेव्हा मी सावरून बसले. प्रत्येकाच्या मानेमागे एक टॉवेल, आपला नेहमीचा सोलापुरी टॉवेल, आणि त्याची दोन टोकं दोन हातांत. समोर शिबिरातला सगळ्यांत चपळ मुलगा चेंडू घेऊन. सहा सेकंद त्याला आपल्या समोरच ठेवायचं. हात अडकलेले, त्यामुळे सगळं काम पायांनीच. माझी लेक पहिल्या दिवशी दहापैकी एकदाच टिकली. तिसऱ्या आठवड्यात दहापैकी सहा वेळा. हे आकडे माझ्या वहीत आहेत.

हे इतकं महत्त्वाचं का, ते जरा नीट सांगते. आजच्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये बरेच हल्ले पिक अँड रोलनं सुरू होतात. चेंडूवाल्यासाठी कुणीतरी स्क्रीन लावतो, मग स्वतः रिंगकडे वळतो, आणि बचाव करणाऱ्या सेंटरला क्षणात ठरवावं लागतं. तो मागे रिंगजवळ थांबला तर चेंडूवाला मोकळा थ्री मारतो. वर आला तर त्याच्या मागे रिंग उघडी पडते. आणि माणसं बदलली, म्हणजे स्विच केलं, तर समोरचा सगळ्यांत वेगवान गार्ड, म्हणजे चेंडू नेणारा खेळाडू, त्याच्याच वाट्याला येतो. या तिन्ही गोष्टी जमणारा सेंटर असेल तर प्रशिक्षकाला शेवटच्या दोन मिनिटांत त्याला बाहेर बसवावं लागत नाही. तिथेच त्याची खरी किंमत कळते.

२०१५ च्या एनबीए, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या, अंतिम फेरीत गोल्डन स्टेट संघानं चौथ्या सामन्यापासून सेंटर अँड्र्यू बोगटला सुरुवातीच्या पाचातून काढलं आणि सहा फूट सहा इंचांचा ड्रेमंड ग्रीन सेंटरची जागा सांभाळू लागला. विजेतेपद त्यांनाच मिळालं. त्यानंतर कित्येकांनी ठरवून टाकलं की उंच माणसाचे दिवस संपले. फेब्रुवारी २०२० मध्ये ह्यूस्टननं तर आपला सेंटर क्लिंट कपेला दुसऱ्या संघाला देऊनच टाकला आणि सहा फूट पाच इंचांच्या पी. जे. टकरला मध्ये उभं केलं. त्याच हंगामात लेकर्सनी त्यांना ४-१ नं हरवलं, आणि लेकर्सकडे होता अँथनी डेव्हिस, उंचही आणि चपळही. मला यातून एवढंच दिसतं की उंच माणूस गेला नाही, एका जागी खिळलेला उंच माणूस गेला.

मी लेकीला दाखवते तो बॅम अडेबायो. सहा फूट नऊ इंच, म्हणजे तिकडच्या सेंटरांत बुटकाच. २०१७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, चौदाव्या क्रमांकावर निवडला गेला. सप्टेंबर २०२० मध्ये पूर्व विभागाच्या अंतिम फेरीच्या पहिल्या सामन्यात, जादा वेळेच्या शेवटच्या सेकंदांत, बोस्टनचा जेसन टेटम बरोबरी साधणारा डंक मारायला, म्हणजे चेंडू थेट रिंगमध्ये ठोकायला, झेपावला आणि अडेबायोनं तो रिंगवरच अडवला. त्याच्या संघानं, मायामीनं, ११७-११४ नं सामना जिंकला. तो ब्लॉक सगळ्यांना आठवतो. मी लेकीला त्याआधीची पावलं बघायला लावते, तो बाजूनं किती वेळेवर तिथे पोचला ते. उडी त्यानंतरची.

आता शिबिरातला दुसरा सराव, जो मला सगळ्यांत आवडला. चेंडूवाल्यावर दोघं धावून गेले की तो मधल्या उंच खेळाडूकडे, फ्री थ्रोच्या रेषेजवळ, पास देतो. तिथून पुढे चौघं विरुद्ध तिघं. सर मोठ्यानं "एक, दोन" म्हणतात आणि दोनच्या आत उंच मुलानं ठरवायचं: स्वतः आत शिरायचं, कोपऱ्यातल्याला द्यायचं की रिंगजवळच्याला. पहिला आठवडाभर माझ्या लेकीचे पास कुंपणाबाहेर जात होते. सर एकदाही ओरडले नाहीत. दर वेळी एकच प्रश्न विचारायचे, "कोण मोकळं होतं?" दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी तिनं न बघितल्यासारखं करून कोपऱ्यातल्या मुलाला उसळता पास दिला, त्यानं बास्केट केली, आणि लेक वळून माझ्याकडे बघून हसली. तीन वर्षांत शाळेच्या सामन्यात ती अशी हसलेली मी बघितली नव्हती.

निकोला योकिच आठवतो तो इथेच. २०१४ मध्ये एक्केचाळिसाव्या क्रमांकावर निवडलेला हा सर्बियाचा माणूस उडी फारशी मारत नाही. पण २०२१, २०२२ आणि २०२४ असे तीन एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू) किताब, २०२३ चं डेन्व्हरचं विजेतेपद, आणि २०२४-२५ च्या हंगामात सरासरी २९.६ गुण, १२.७ रिबाऊंड (हुकलेल्या शूटनंतर चेंडू पकडणं), १०.२ असिस्ट (ज्या पासवर बास्केट होते तो). अख्ख्या हंगामाची सरासरी ट्रिपल-डबल, म्हणजे तिन्ही आकडे दहा किंवा जास्त, आणणारा तो पहिला सेंटर. तो चेंडू घेऊन वर उभा राहिला की समोरच्या उंच बचावपटूला रिंग सोडून बाहेर यावंच लागतं आणि आत सगळी वाट मोकळी होते. चपळ म्हणजे फक्त उंच उडणारा नव्हे. हात आणि डोळेही चपळ असतात.

माझी एक तक्रार मी सरांना बोलूनही दाखवली. उंच मुलांना लांबून शूट जवळजवळ मारूच देत नाहीत. हल्ली सेंटरला थ्री हवाच ना? सर म्हणाले, "मॅडम, आधी पाय." मला ते पटलं नव्हतं. घरी येऊन विचार केला तेव्हा एनबीएतला सेंटर ब्रूक लोपेझ आठवला. एनबीएच्या पहिल्या आठ हंगामांत मिळून त्याचे थ्री होते फक्त तीन. मग २०१६-१७ च्या एकाच हंगामात, अठ्ठावीस वर्षांचा असताना, १३४. शूट उशिरा शिकता येतो, पावलं मात्र पंधराव्या वर्षीच घडवावी लागतात. तरी फ्री थ्रोच्या अंतरावरून रोज पन्नास शूट तरी हवेत, यावर मी ठाम आहे.

एक बाबा शेवटच्या सराव सामन्यानंतर चिडले होते. त्यांचा मुलगा सहा फुटांचा. तो बाहेर खेळत राहिला आणि संघ हरला. बोर्डाखाली ठेवला असता तर जिंकलो असतो, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. एनबीएत २००१ पासून बचाव करणाराही, कुणाला धरून नसेल तर, रिंगखालच्या चौकोनात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबू शकत नाही. आपल्याकडे फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेचे, नियम, त्यांत हे बंधन फक्त हल्ला करणाऱ्यांना. त्यामुळे शाळेच्या सामन्यात उंच मुलाला बोर्डाखाली रोवलं की आज सामना निघतो. या शिबिराला यायचं तर हे असे काही सामने हरायची तयारी हवी. माझी आहे.

उणिवाही सांगते. मैदान सिमेंटचं, गुडघ्यांना त्रास होतो. माझ्या लेकीनं शेवटच्या आठवड्यात दोन दिवस बर्फ लावला. एका बाजूच्या रिंगला जाळी नाही. चौतीस मुलांत मुली फक्त पाच, एकही महिला प्रशिक्षक नाही आणि कपडे बदलायला आडोसाही नाही. हे क्लबनं सुधारायलाच हवं. नाहीतर उंच मुली तेरा-चौदाव्या वर्षीच मैदान सोडतात आणि ज्या खेळात त्यांची सगळ्यांत जास्त गरज आहे तिथेच त्या दिसत नाहीत. अमेरिकेतल्या डब्ल्यूएनबीएत, म्हणजे महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये, एजा विल्सननं चार वेळा एमव्हीपी मिळवलंय, सहा फूट चार इंच उंचीची, मध्येही खेळते आणि बाहेरही. आपल्या मुलींना ती दाखवा.

पुढची बॅच दिवाळीच्या सुट्टीत आहे, आम्ही नाव दिलंय. तुम्ही येणार असाल तर चांगल्या तळव्याचे बूट घ्या, दोन लिटर पाणी घरून आणा आणि एक जुना टॉवेल. नवा नको, ओढून ओढून दोन आठवड्यांत फाटतो.