रॅम ८ जीबी, वापरात ३.२४: ६४-बिटच्या नावाखाली लागणारा चुना

जुना पीसी रखडतो म्हणून गिऱ्हाईक रॅमची ४ जीबीची आणखी एक पट्टी बसवून घेतं. दुकानात मशीन सुरू होताना पडद्यावर ८ जीबीचा आकडा दिसतो आणि पैसे दिले जातात. घरी येऊन सेटिंग्ज, सिस्टम, अबाउट उघडलं की रॅमपुढे लिहिलेलं असतं: ८.०० जीबी, पैकी वापरण्याजोगी ३.२४ जीबी. परत दुकान गाठलं की उत्तर मिळतं, "तुमची विंडोज ३२-बिट आहे, ६४-बिटचं लायसन्स वेगळं घ्यावं लागेल."

यातलं पहिलं वाक्य खरं आणि दुसरं खोटं. पहिलं पडताळून पाहता येतं, म्हणून माणूस दुसऱ्यावरही विश्वास ठेवतो.

३२-बिट पद्धतीत मेमरीतल्या जागांच्या पत्त्यांची संख्या २ चा ३२ वा घात, म्हणजे ४ जीबीपुरतीच असते. त्याच पत्त्यांमधून ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड आणि बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) यांनाही वाटा द्यावा लागतो. उरतात साधारण ३ ते ३.५ जीबी. पट्टी ८ ची असो वा १६ ची, घरगुती ३२-बिट विंडोज याच्या पुढे जात नाही. ही अडचण खरीच आहे.

लायसन्स मात्र बिटवर नसतं, आवृत्तीवर असतं. होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो. विंडोज १० ची ३२-बिट होम रीतसर अॅक्टिव्हेट झालेली असेल, तर त्याच मशीनवर ६४-बिट होम टाकायला एक रुपयाही लागत नाही. इन्स्टॉल करताना कीचं पान वगळायचं, आवृत्ती तीच निवडायची. इंटरनेट जोडलं की अॅक्टिव्हेशन आपोआप होतं.

दुकानदार मात्र बहुतेक वेळा पेन ड्राइव्हवर तयार ठेवलेली प्रो टाकतो आणि चोरट्या अॅक्टिव्हेटरने ती चालू करतो. इथे नुकसान दुहेरी होतं. होमचं खरं लायसन्स प्रोवर लागू होत नाही, त्यामुळे हक्काची विंडोज असूनही मशीन चोरीच्या विंडोजवर चालतं. शिवाय अॅक्टिव्हेटर चालावा म्हणून अँटिव्हायरस बंद करतात किंवा त्याला एखादं फोल्डर तपासू नको असं सांगून ठेवतात. त्याच मशीनवरून पुढे बँकेचे व्यवहार होतात, ही सगळ्यांत काळजीची गोष्ट.

ओळखायचं कसं? कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजीत एसएलएमजीआर, मग जागा सोडून /एक्सपीआर टाइप करा. कायमचं अॅक्टिव्हेशन आहे असं आलं तर निदान मुदतीची पळवाट नाही. मुदतीची तारीख आली आणि ती १८० दिवसांच्या आतली असेल, तर घरच्या मशीनवर ती केएमएसची (कंपन्यांमधली अनेक मशीनं एकत्र अॅक्टिव्हेट करण्याच्या पद्धतीची) पळवाट समजा. /डीएलआय टाकल्यावर व्हॉल्यूम केएमएस क्लायंट हे शब्द दिसले की शंका उरत नाही. मग विंडोज सिक्युरिटीतली एक्सक्लूजन्सची, म्हणजे तपासणीतून वगळलेल्या गोष्टींची, यादी उघडून पाहा. आपण न घातलेली नोंद तिथे असू नये.

६४-बिट टाकण्याचं काम घरीही होतं, पण आधी तपासणी हवी. अबाउटच्याच पानावर सिस्टम टाइपपुढे 'एक्स६४-बेस्ड प्रोसेसर' असलं पाहिजे. एक्स८६ असेल तर ६४-बिट चालणारच नाही. मदरबोर्डची कमाल मर्यादा पट्टी घेण्याआधी बघावी: जी३१ चिपसेट (बोर्डावरची मुख्य चिप) ४ जीबीला थांबतो, डीडीआर३ वाला जी४१ ८ ला, एच६१ १६ ला. जी३१ वर ८ जीबीचा सल्ला देणारा एकतर अनभिज्ञ आहे किंवा लबाड.

३२ वरून ६४ वर थेट अपग्रेड होत नाही, सी ड्राइव्हवर नव्यानेच इन्स्टॉल करावं लागतं. म्हणून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि ब्राउझरमधले पासवर्ड आधी बाहेर काढा. मराठी डीटीपी करणाऱ्यांनी विंडोजमधलं फॉन्ट्सचं फोल्डरही कॉपी करावं, आणि सॉफ्टवेअरच्या डाँगलचा (ते चालण्यासाठी मशीनला लावावी लागणारी किल्ली) व प्रिंटरचा ६४-बिट ड्रायव्हर मिळतो का ते फॉरमॅटच्या आधी पाहावं. तो नसेल तर डाँगल निव्वळ प्लॅस्टिकचा तुकडा ठरतो. डॉसमधला जुना हिशेबाचा प्रोग्रॅम ६४-बिट विंडोजवर थेट चालत नाही; तो डॉसबॉक्ससारख्या सोयीतून चालवून खात्री करावी. मग मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर ६४-बिट प्रत तयार करायची आणि त्यावरूनच मशीन बूट करायचं.

६४-बिट टाकूनही आकडा तीनच्या आसपास अडला, तर लगेच "बोर्ड गेला" हे मान्य करू नका. जुन्या बोर्डांच्या बायोसमध्ये मेमरी रीमॅप नावाची सोय असते, ती बंद असेल तर असंच होतं. दुसरं कारण एमएसकॉन्फिगमध्ये, बूटच्या अॅडव्हान्स्ड ऑप्शन्सखाली असतं: मॅक्सिमम मेमरीसमोरची खूण. रॅम वाढेल या समजुतीने ती लावली जाते, प्रत्यक्षात ती मर्यादा घालते. खूण काढून रीस्टार्ट करा. बोर्डावरचं ग्राफिक्स थोडी मेमरी राखून ठेवतं, तेवढी तूट मात्र राहणारच.

३२-बिटमध्येच पूर्ण रॅम मिळवून देणारा 'पॅच' कोणी विकत असेल तर घेऊ नका. त्यात विंडोजच्या गाभ्याच्या फायली बदलल्या जातात आणि ड्रायव्हर कोलमडतात. रॅम बूस्टर सॉफ्टवेअरने तर एक एमबीही वाढत नाही.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे आता "११ घ्याच" हा आग्रह जोरात आहे. ११ फक्त ६४-बिटमध्ये येते, पण तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि अशा जुन्या मशीनमध्ये ती बहुधा नसते. अट चुकवून बसवलेल्या ११ ला पुढचे अपडेट मिळण्याची हमी नाही. त्यापेक्षा ६४-बिट लिनक्स मिंट फुकट आहे आणि पूर्ण ८ जीबी वापरतं.

पैसे देताना जीएसटी बिलावर पट्टीचा सीरियल नंबर आणि विंडोजची आवृत्ती लिहून घ्या. जुनी पट्टी काढली असेल तर ती परत मागा. बिल हातात असलं की राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. "लायसन्स" असं लिहून चोरीची प्रत दिली असेल, तर तेच बिल पुरावा म्हणून जोडा.