क्रेझीफ्लाय 2.1: चार-सहा ड्रोन मिळून उडवायचे असतील तर

स्वीडनमधल्या माल्मोच्या बिटक्रेझ कंपनीचा हा 27 ग्रॅमचा ड्रोन. एकच घेऊन फारसं काही साधत नाही. चार-सहा ड्रोननी एकमेकांच्या वेळा सांभाळत एक काम करायचं, हे शिकायला मात्र यासारखा संच नाही.

मोठी जमेची बाजू म्हणजे नियंत्रण प्रत्येक ड्रोनच्या आत चालतं. ड्रोनचा कल (तिरपेपणा) सेकंदाला 500 वेळा आणि स्थान 100 वेळा दुरुस्त होतं, तेही ड्रोनवरच्याच चिपवर. लॅपटॉपने फक्त ‘या बिंदूवर 3 सेकंदांत पोच’ एवढंच सांगायचं; मार्ग ड्रोनमधलाच हाय लेव्हल कमांडर हा प्रोग्राम आखतो. मध्ये रेडिओवरचं एखादं पॅकेट (संदेश) हरवलं तरी उड्डाण मोडत नाही. याउलट सेटपॉइंट (क्षणाक्षणाचं लक्ष्य) सतत लॅपटॉपवरून पाठवत राहिलात आणि रेडिओ अडखळला, की 500 मिलिसेकंदांनी ड्रोन स्वतःला सपाट करतो आणि 2 सेकंदांनी मोटरी बंद. म्हणून थव्यासाठी पहिलीच पद्धत धरा.

सगळे एकाच वेळी पोचायला हवेत तर अंतरं वेगवेगळी असली तरी कालावधी सर्वांना सारखाच द्या. मात्र तो सर्वांत लांब जाणाऱ्याच्या हिशेबाने ठरवा, नाहीतर तो एकटा सुसाट सुटतो आणि बिंदू ओलांडून पुढे जातो. वळणदार मार्ग आधीच ड्रोनच्या मेमरीत चढवता येतो. जागा 4 केबी आणि एक तुकडा 132 बाइटचा, म्हणजे जास्तीत जास्त 31 तुकडे.

जोडणीत पहिलं काम रेडिओ पत्त्यांचं. नवे ड्रोन सगळे एकाच पत्त्यावर येतात. लॅपटॉपवरच्या क्लायंट सॉफ्टवेअरमध्ये एकेक जोडून पत्त्याचा शेवटचा आकडा बदला, रीस्टार्ट करा आणि तोच आकडा ड्रोनवर चिकटवा. मग लाइटहाउस, म्हणजे लेझर किरणांवरून ड्रोनला स्वतःचं स्थान कळण्याची यंत्रणा: दोन बेस स्टेशन 2 मीटरच्या वर, खाली झुकवून घट्ट बसवायची, दोघांचे चॅनेल वेगळे. बेस स्टेशनांची भूमिती (जागा आणि दिशा) एकदाच मोजायची आणि तीच फाइल सर्व ड्रोनमध्ये टाकायची. प्रत्येकासाठी वेगळी मोजली तर प्रत्येकाचा शून्यबिंदू थोडा वेगळा पडतो. मग एकेकटा ड्रोन अगदी बरोबर उडतो, पण रांग वाकडी दिसते. दोष ट्यूनिंगचा समजून लोक पीआयडीचे (नियंत्रणाच्या सूत्राचे) आकडे हलवत बसतात, तेव्हा आधी हीच फाइल तपासावी. स्टँडला धक्का लागला तरी मोजणी पुन्हा करावी लागते. काचेची कपाटं, आरसे, चकचकीत फरशी यांवरून किरण परततात आणि ड्रोन अचानक उडी मारतो. पडदा किंवा चटई टाकली की थांबतं.

उड्डाणाआधी सर्व ड्रोनचे एस्टिमेटर (स्थानाचा अंदाज बांधणारे प्रोग्राम) रीसेट करून ते स्थिरावेपर्यंत थांबणं टाळू नका. आणि एक ड्रोन दुसऱ्याच्या थेट वरून नेऊ नका. वरच्याच्या पंख्यांचा झोत खालच्याला दाबतो, मोटरी पूर्ण ताकदीला जातात आणि तो जमिनीवर आदळतो. आडवं अंतर अर्धा मीटर चालतं, उभं मात्र किमान 1 मीटर ठेवा.

पायथन लायब्ररी प्रत्येक ड्रोनला वेगळा संदेश पाठवते, त्यामुळे ड्रोन वाढले की उड्डाणाची सुरुवात किंचित मागेपुढे होते. पाच-सहांच्या पुढे जायचं तर आरओएस 2 या रोबोटिक्सच्या सॉफ्टवेअर संचावर चालणारं क्रेझीस्वॉर्म 2 घ्या. ते आज्ञा सर्वांना एकदमच प्रसारित करतं.

उणी बाजू बॅटरीची. 250 एमएएचवर सुमारे 7 मिनिटं, डेक (वर जोडायच्या जादा पट्ट्या) बसवले की त्याहून कमी. चार्जिंगला 40 मिनिटं. ड्रोनमागे तीन बॅटऱ्या आणि जादा पंखे पहिल्याच ऑर्डरमध्ये मागवा.

भारतात एक अडचण आहे. फेब्रुवारी 2022 पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांना संशोधनासाठी सूट मिळते, पण डीजीएफटीचा (परदेशी व्यापार महासंचालनालयाचा) परवाना लागतो. कॉलेजने तो हाती आल्यावरच ऑर्डर द्यावी.